दारातली तिरकी रेघ

इस्त्रीताईला ऑफिसात तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. हजेरीपटावर ते नाव होतं, तेवढंच. बुटांच्या दुकानाच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर ते ऑफिस होतं. जुन्या घरांची मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती सोपवायचे, एवढाच तिथला धंदा. त्या नकाशांना ती इस्त्री करायची, म्हणून इस्त्रीताई. स्वतःच्या कपड्यांना मात्र सदा चुण्या. मोठे नकाशे छापणारं प्लॉटर नावाचं यंत्र सांभाळणारा प्लॉटरवाला तिला म्हणायचा, "ताई, एकदा स्वतःवरूनही फिरवा की ती." त्यावर ती म्हणायची, "मला वरून बघतंय कोण?"

आता नकाशाला कसली इस्त्री, असं तुम्ही विचाराल. विचाराच, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. नकाशा म्हणजे घराकडे छतावरून पाहणं. भिंती म्हणजे रेघा, दार म्हणजे दोन कोपऱ्यांमधली एक बारीक रेघ. कागदाला उंची नसते. कॉम्प्युटरमधल्या कागदाला असते, आणि सगळी गोम तिथेच आहे. प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांचे त्याच्याकडे तीन-तीन आकडे असतात, आणि तिसरा असतो जमिनीपासूनच्या उंचीचा. सपाट नकाशात तो शून्य हवा. नसला तरी पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. वरून पाहावं तर दोन रेघा कोपऱ्यात एकमेकींना बिलगलेल्या, आणि प्रत्यक्षात एक जमिनीवर, दुसरी हवेत लटकलेली. मग कोपरा जुळत नाही, खोलीत रंग भरत नाही, माप घ्यायला गेलं तर भलताच आकडा येतो. ऑफिसातल्या नव्या लोकांच्या यापायी नाकी नऊ यायचे. समोर तर सगळं ठीक दिसतंय, मग घोडं अडलं कुठे, हेच त्यांना उमगत नसे.

इस्त्रीताई तो नकाशा कडेकडून दिसेल असा वळवायची. धड नकाशा कडेने पाहिला तर सगळं घर एका सरळ रेघेत दिसतं. बिघडलेल्यात मात्र काहीतरी वर डोकं काढून उभं असायचं. मग ती आपली युक्ती करायची. सगळं घर उचलून आभाळात न्यायचं, इतकं उंच की कॉम्प्युटरला लहानसहान उंच्या आठवेनाशा होतात. मग तेवढंच परत खाली आणायचं. खाली येताना प्रत्येक रेघ आपली उंची विसरून आलेली असते. झाली इस्त्री. हे सगळं दोन क्षणांचं काम, पण ते करण्याआधी मूळ प्रत ती कधीही बाजूला ठेवल्याशिवाय राहिली नाही. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हा तिचा नेम होता आणि त्याबाबतीत ती साहेबांचंही ऐकत नसे.

आणि खरं सांगायचं तर त्या ऑफिसात आलेल्या बहुतेक उंच्या एकाच माणसाच्या होत्या. तो माणूस म्हणजे तिचा दादा.

दादा तिच्याहून सोळा वर्षांनी मोठा. आईवडील लवकर गेले तेव्हा ही सात वर्षांची होती. त्याने तिला जेवू घातलं, शाळेत घातलं, ओरडला, हातात पट्टी-पेन्सिल दिली, आणि लग्नाचं वय आलं-गेलं ते दोघांच्याही लक्षात उशिराच आलं. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. ही ऑफिसात नकाशे काढायची आणि दादा गावभर फिरून रिकाम्या घरांची मापं घ्यायचा. एकटाच. मोजणी कायम घर रिकामं झाल्यावर असते. भिंतीवर कपाटांचे उजळ चौकोन राहिलेले, नळ बंद केलेले, बोललं की आवाज परत येणारा. दादाला ते आवडायचं. त्याच्यासारखा अबोल माणूस तिथेच शोभतो, असं ताई म्हणायची.

त्याच्याकडे हातात धरायचं एक यंत्र होतं. कोपऱ्याकडे रोखून बटण दाबलं की तो बिंदू तिथल्या तिथे ताईच्या कॉम्प्युटरवर यायचा. यंत्राला स्वतःची जमिनीपासूनची उंचीही कळायची आणि ती बिंदूला चिकटायची. ती नको असेल तर सुरुवातीला एक बटण दाबावं लागे. यंत्र बंद करून चालू केलं की ते रोज नव्याने दाबावं लागे. दादा ते दाबायचा, पण पहिला बिंदू घेतल्यानंतर. दारात पाऊल ठेवलं की आधी डाव्या चौकटीचा कोपरा टिपणार, मग बटण. अकरा वर्षांत एकदाही उलटं झालं नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक नकाशात दाराची रेघ तिरकी यायची. उजवं टोक जमिनीवर, डावं टोक दादाच्या हाताएवढं वर. कडेने पाहिलं तर वाटायचं, दारात कुणीतरी दोरीचं एक टोक हातात धरून उभं आहे.

"आधी बटण दाब ना रे दादा," ती शंभरदा म्हणाली असेल. "माझं निम्मं आयुष्य तुझी दारं सपाट करण्यात गेलं."

"रिकाम्या घरात एकदम शिरू नये, पोरी," तो म्हणायचा. "दारात थांबून आधी कळवायचं, मी आलोय म्हणून. मग बाकीचं."

"कुणाला कळवायचं?"

"ते घरच जाणे," असं म्हणून तो पेपर उघडायचा. एवढंच त्याचं उत्तर, आणि त्यात भर कधी पडली नाही.

ती उंची ताईला तोंडपाठ होती. एक हजार तीनशे बारा मिलिमीटर. कधी दोनचार इकडे, कधी तिकडे, पण दादाचा हात छातीशी जिथे यायचा तिथेच यायचा. पुढे पुढे तर ती आकडा बघेनाशीही झाली. दाराची रेघ तिरकी असणार हे ठरलेलंच, मूळ प्रत ठेव, उचल, खाली आण, संपलं. रोज ज्याला इस्त्री करायची त्याचे कुणी डाग मोजत बसतं का?

मग ताईला ताप आला. दोन दिवस ती घरी राहिली आणि त्या दोन दिवसांत एक नकाशा इस्त्री न होताच सुताराकडे गेला. तिसऱ्या दिवशी ती कामावर आली तर सुतार दारात उभा, आणि पाठीमागे दोन माणसांच्या खांद्यावर एक नवीकोरी चौकट.

"अकराशे चार," तो म्हणाला. "तुमच्या नकाशात मोजून घेतलं मी, दोनदा. आणि तिथे भोक आहे नऊशेचं. आता ही कुणाच्या दाराला लावू, माझ्या?"

साहेब बाहेर आले. सुतार गेल्यावर ते फार आवाज न चढवता बोलले, आणि तेच वाईट होतं. "दादांचं वय झालंय. आणखी एक अशी चूक आली तर मी त्यांना घरी बसवणार. तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी करतो."

दादाचं काम म्हणजे दादा होता. ते काढून घेतलं तर तो दोन खोल्यांत बसून काय करणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. ती खुर्चीत बसली आणि सवयीने हिशेब करू लागली. नऊशेचं दार तिरक्या रेघेवर अकराशे चार भरलं, म्हणजे डावं टोक किती वर असेल? शाळेतलं गणित. उत्तर आलं सहाशे चाळीस.

तिने पुन्हा केलं. सहाशे चाळीस. तेराशे बारा असती तर दार पंधराशेच्या पुढे गेलं असतं आणि सुतारालाही शंका आली असती. सहाशे चाळीस म्हणजे तिच्या टेबलाच्याही खाली.

तिने मूळ प्रती उघडल्या. अकरा वर्षांची दारं एकाखाली एक लावली. पहिली साडेनऊ वर्षं तेराशे बारा, तेराशे दहा, तेराशे तेरा. मग तेराशे चार. बाराशे नव्वद. बाराशे एकाहत्तर. पुढे अकराशे ऐंशी, एक हजार चाळीस, आठशे सत्तर. प्रत्येक घरात आधीच्या घरापेक्षा थोडी कमी. एकदाही वर नाही. दीड वर्ष ती रोज त्या आकड्यांवरून हात फिरवत होती आणि एकही तिने पाहिला नव्हता. माणूस एकतर उभा असतो नाहीतर बसलेला असतो. रोज बोटभर कमी उभा, असा कुणी असतो का?

घरी आली तेव्हा दादा भांडी पुसत होता. वरच्या फळीवरचा डबा त्याने हात लांब करून सहज काढला. ताईने पर्स ठेवली नाही की पाणी प्यायली नाही. "यंत्र घे आणि दारात उभा राहा," ती म्हणाली.

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

तो राहिला. चौकटीकडे यंत्र रोखलं. तिने टेप आणली, जमिनीवर टेकवली आणि त्याच्या हातापर्यंत ओढली. तेराशे दहा. चोख.

"मग ते सहाशे चाळीस कुणाचे?" तिने सगळं सांगितलं. "तिथे जाऊन बसतोस का? दम लागतो का तुला? खरं सांग."

"दारात शिरल्या शिरल्या कोण बसतं?" दादा हसला, पण हसताना त्याचा हात चौकटीला धरून होता. "यंत्र म्हातारं झालंय, बाकी काही नाही."

"उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"नको." हे तो फार पटकन म्हणाला. थोड्या वेळाने हळू आवाजात म्हणाला, "मोजणीला दुसरं माणूस नको. आणि साहेबांना आकडे दाखवू नकोस, पोरी. एवढं कर माझ्यासाठी."

दादाने आयुष्यात तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच मागणं. तुम्ही असता तर काय केलं असतं? तिने ऐकलं, आणि मला तिचा राग येतो तो इथेच. डॉक्टरकडे ओढून न्यायचं सोडून ही बाई त्याची चूक झाकायला बसली.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरला एक नवा नियम शिकवला. बाहेरून येणारा कुठलाही बिंदू आत शिरतानाच आपली उंची दाराशी काढून ठेवील आणि शून्य होऊनच आत येईल. इस्त्री करायची गरजच नाही. नियम उत्तम होता. असा नियम दहा वर्षांपूर्वीच का केला नाही, असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. सुताराची चौकट कुठल्याशा गोदामाला बसली. दादाचं काम वाचलं.

मूळ प्रती मात्र आपोआप बाजूला पडतच होत्या. यंत्र जसं पाठवेल तशीच एक प्रत कॉम्प्युटरमधल्या मूळ प्रतींच्या कप्प्यात जायची. ताईने तो कप्पा उघडायचा नाही असं ठरवलं. दोनदा माऊस तिथवर गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. पडद्यावर दादाची दारं आता सरळ येत होती. कडेने पाहिलं तरी सगळं घर एका रेघेत, दारात कुणी नाही. तिचा जीव भांड्यात पडला होता. निदान ती स्वतःला तसं सांगत होती.

नियम केल्यापासून अकराव्या दिवशी दादा सकाळी नेहमीसारखा निघाला. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चार खोल्यांचं घर होतं, भाडेकरू आठवड्यापूर्वीच गेलेले. दहा वाजून वीस मिनिटांनी ताईच्या पडद्यावर पहिला बिंदू आला. दाराची डावी चौकट, उंची शून्य. "पोचला," ती प्लॉटरवाल्याला म्हणाली आणि दुसरं काम पुढे ओढलं.

दुसरा बिंदू यायला फार तर चार-पाच मिनिटं लागत. पावणेअकरा झाले. पडद्यावर ते एकटंच टिंब. अकराला चहा आला. तिने फोन लावला, तो वाजत राहिला. मोजणी चालू असताना दादा फोन उचलतच नसे, म्हणून तिने फार मनावर घेतलं नाही. कुणीतरी भेटलं असेल, किल्ली अडकली असेल. सव्वाअकरा वाजले तेव्हा तिला एकदम जाणवलं की चहा तिने घेतलाच नाही आणि आपला हात मूळ प्रतींच्या कप्प्यावर आहे.

आधी मागचे दहा दिवस दिसले. सहाशे दहा. पाचशे चाळीस. चारशे पंचावन्न. तीनशे वीस. दोनशे पाच. ती एकेक वाचत खाली आली. शेवटचा, आजचा, दहा वाजून वीस मिनिटांचा. साठ.

साठ मिलिमीटर म्हणजे चार बोटं. जमिनीवर पडलेल्या उताण्या पंज्यातलं यंत्र जमिनीपासून तेवढंच वर असतं.

ती कशी निघाली, कुणाला काय सांगितलं, हे तिला नंतर आठवेना. प्लॉटरवाला तिच्या मागून धावला होता, म्हणून पुढचं तो सांगतो. तिसऱ्या मजल्यावरचं ते दार सताड उघडं होतं. आत भिंतींवर कपाटांचे चौकोन, खिडकीतून आलेलं ऊन, आणि उंबऱ्याच्या आत एका कुशीवर दादा. उजवा हात पुढे पसरलेला, तळव्यात यंत्र, अंगठा बटणावर, आणि यंत्राचं तोंड डाव्या चौकटीकडे. पडल्यावरही त्याने कळवलं होतं, मी आलोय म्हणून.

हृदय दीड वर्षापासून थकत चाललं होतं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. जिने चढून वर गेलं की वाकून, गुडघ्यावर हात टेकून श्वास घ्यावा लागत असेल, दर महिन्याला थोडं जास्त वाकून. तळमजल्यावरच्या घरात कुणाला दिसणार? आणि मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आणायला एवढा वेळ का लागला? पडल्यानंतर बराच वेळ जीव होता त्यांच्यात."

नियम ताईनेच लिहिला होता. दादाने शेवटचं जे काही सांगितलं ते वेळेवर येऊन पोचलं होतं आणि तिच्या नियमाने त्यातलं सांगण्यासारखं तेवढंच पुसून तिच्यापुढे ठेवलं होतं. तिने "पोचला" म्हटलं होतं. त्या एका शब्दाने तिला आयुष्यभर पुरेल एवढं छळलं.

दादाचा तेरावा झाल्यावर ती कामावर आली आणि पहिलं काम म्हणून तो नियम काढून टाकला. साहेब बघत होते. "पुन्हा हाताने करणार सगळं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "हो. आणि आकडा वाचून करणार." साहेबांनी मान हलवली.

तीन महिन्यांनी मोजणीला नवी बाई आली. पंचेचाळिशीची, चष्मेवाली, शिस्तीची. नवं यंत्र, आणि उंचीचं बटण आधी दाबून मगच दारात पाऊल. तिचे नकाशे कडेने पाहिले तर सुतासारखे सरळ. ताई तरी प्रत्येक दार उघडून आकडा वाचायची. शून्य, शून्य, शून्य. प्लॉटरवाला म्हणायचा, "ताई, काय शोधता?" ती म्हणायची, "काही नाही."

मग एका दुपारी एक साधंसं घर आलं, दोन खोल्या आणि एक व्हरांडा. सुतार शेजारी येऊन बसलेला, त्याला चौकटीचं माप घाईने हवं होतं. ताईने नकाशा कडेने वळवला आणि तिचा हात थांबला. सगळं घर एका रेघेत, फक्त दाराची रेघ तिरकी. उजवं टोक जमिनीवर, डावं वर. कुणीतरी दोरीचं टोक हातात धरून उभं असावं तसं. तिने आकडा वाचला.

तेराशे बारा.

नवी मोजणीवाली पाच पावलांवर बसली होती. दादाच्या एखाद्या मूळ प्रतीतलं दार उचलून तिने इथे चिकटवलं असेल. असं होतं, उचललेली रेघ आपली उंची बरोबर घेऊन येते. विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. ताईने विचारलं नाही. वाकलेलं नाही, टेकलेलं नाही, बसलेलं नाही, असं ते टोक ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण भीती म्हणावी तर तीही पुरती नव्हती.

"काय झालं?" सुताराने विचारलं.

"थांबा जरा."

तिने मूळ प्रत बाजूला ठेवली. मग पडद्याजवळ वाकून, शेजारच्यालाही जेमतेम ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, "कळलं, दादा. आलास ते कळलं."

मग तिने ते घर उचलून आभाळात नेलं आणि परत खाली आणलं. दार नऊशेचं होतं. सुताराने तसं लिहून घेतलं.